गणिताच्या पेपरला गैरहजर

अकरावीच्या बोर्डाच्या परीक्षेत, मार्च महिन्यात, सुमन गुंजाळ गणिताच्या पेपरला गैरहजर राहिली. त्याआधीचा हिंदीचा पेपर तिने दिला होता आणि नंतरचा शास्त्राचाही दिला. ती आजारी नव्हती, घरात कोणी गेलं नव्हतं, रस्ता बंद नव्हता. तिचं गाव संगमनेरपासून चार मैलांवर, प्रवरेच्या पलीकडे होतं आणि परीक्षेच्या बाकी प्रत्येक दिवशी ती घंटेच्या आधी अर्धा तास शाळेच्या फाटकात उभी होती. तिच्या परीक्षेच्या फॉर्मवरचे विषयांचे रकाने मी भरले होते, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडे येतं.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती आणि गणितं दोन होती. एक बीजगणित-भूमितीचं, त्याला आम्ही हायर म्हणायचो. दुसरं सामान्य गणित, म्हणजे लोअर. लोअरमध्ये शेकडेवारी, सरासरी, क्षेत्रफळ असा रोजच्या वापराचा हिशेब असायचा आणि त्यात नापास होणं अवघड होतं. लोअर घेऊन मॅट्रिक झालेल्याला कॉलेजात आर्ट्सला जाता येई. सायन्सला येत नसे, पॉलिटेक्निकलाही येत नसे. कागदावर ही निवड विद्यार्थ्याची आणि पालकाची होती. आमच्या शाळेत ती हेडसरांची होती. दिवाळीपर्यंत सगळ्या वर्गाला दोन्ही गणितं शिकवत आणि सहामाहीचे मार्क लागले की हेडसर दोन याद्या करत. पन्नासच्या वर हायर, खाली लोअर, असा शाळेत सांगितला जाणारा नियम होता. शाळेचा निकाल सलग काही वर्षं शंभर टक्के लागत होता. फाटकाशेजारच्या भिंतीवर तो पांढऱ्या अक्षरांत रंगवलेला असे आणि दर जूनमध्ये पेंटर येऊन साल बदलून जाई.

माझे वडील त्या शाळेत मोठे कारकून होते. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खेड्यांतून येणारे पालक भाऊसाहेब म्हणायचे. बसस्टँडच्या मागे तीन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. दर नोव्हेंबरात बोर्डाचे फॉर्म आले की मधली खोली आठवडाभर फॉर्मची होई. सतरंजीवर धुतलेली चादर, चादरीवर वर्गवार गठ्ठे, गठ्ठ्यांवर वजन म्हणून वरवंटा आणि पितळी तांबे. त्या आठवड्यात आमच्याकडे पातळ काही शिजत नसे. आमटी नाही, ताक नाही. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फार तर झुणका, तोही स्वयंपाकघरात बसून खायचा आणि हात राखेने धुऊन मग मधल्या खोलीत यायचं. आई त्या दिवसांत मला केसाला तेल लावू देत नसे. फॉर्मवर डाग पडला तर दादा ओरडत नसत. ते तो फॉर्म उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. शाळेत आणखी एक कारकून होता, पण त्याचं अक्षर बोर्डाला पाठवण्यासारखं नव्हतं. नववीपासून विषयांचे रकाने भरायचं काम दादांनी मला दिलं. बाहेर नाशिक रस्त्याने कारखान्याकडे उसाच्या गाड्या चाललेल्या असायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज दुपारभर येत राही, आत टाकाची करकर. मला ते काम आवडत होतं. वर्गातल्या कोणालाही हात लावायला मिळणार नाही अशा कागदावर आपण लिहितो, एवढंच त्यात आवडण्यासारखं होतं. ते तेव्हा पुरत होतं.

इथे शाळेची एक पद्धत सांगायला हवी. अकरावीच्या वर्गात नाव घालायला पालक जूनमध्ये यायचे तेव्हाच त्यांच्याकडून एका छापील संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जाई. ‘माझ्या पाल्याने पुढील विषय घ्यावेत यास माझी संमती आहे,’ असं वर छापलेलं आणि खाली विषयांच्या जागा मोकळ्या. नोव्हेंबरात बाजरी खळ्यावर असते, ज्वारीच्या रानात पाणी देणं चालू असतं, ऊसवाल्यांची तोड लागलेली असते. तेव्हा माणसाला पुन्हा शाळेत बोलावायला नको, असं त्याचं कारण सांगितलं जाई. पालकांना ती सोय वाटायची. सुमनच्या वडिलांनी, किसन गुंजाळांनीही, जूनमध्ये सही केली आणि वर आभार मानले. ते टेबलाशी उभे होते तेव्हा मी ऑफिसात होते. शाळेची माणसं चांगली आहेत, असं ते म्हणाले होते.

सुमन आणि मी आठवीपासून एका बाकावर होतो. ती रोज चालत यायची. पायांना नदीची वाळू लागलेली असायची आणि ती पहिल्या तासाला बाकाखाली पाय एकमेकांवर घासून झाडायची. भूमितीची आकृती ती फळ्यावर पूर्ण होण्याआधी वहीत काढून मोकळी व्हायची. सहामाहीला तिला हायर गणितात एकसष्ट मार्क होते. मला चव्वेचाळीस.

त्या नोव्हेंबरात अकरावीचा गठ्ठा माझ्यासमोर आला तेव्हा प्रत्येक फॉर्मला हेडसरांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती. माझ्या चिठ्ठीवर ‘बीज-भूमिती’ होतं. सुमनच्या चिठ्ठीवर ‘सा. ग.’ होतं. मी ती दोनदा वाचली.

“दादा, सुमनला एकसष्ट आहेत,” मी म्हटलं.

“हजेरी कमी आहे तिची. हेडसर म्हणाले, वाडीवस्तीच्या मुली मार्चपर्यंत टिकतात की नाही ते सांगता येत नाही.”

“मला चव्वेचाळीस आहेत.”

दादांनी टाक दौतीच्या कडेला निथळवला. “चिठ्ठीत आहे ते लिही. चिठ्ठीत नाही ते तुला ठाऊक नाही.”

मी लिहिलं. आधी संमतिपत्रावर किसन गुंजाळांच्या सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत, मग बोर्डाच्या फॉर्मवर. डाग पडला नाही. या प्रकरणात माझ्या बाजूने सांगण्यासारखं मी पुढे बरंच शोधलं. मी सोळा वर्षांची होते, वडिलांचा हुकूम होता, नकार दिला असता तर दादांनी स्वतः लिहिलं असतं. यातलं काहीच खोटं नाही. पण मला मार्कांतला फरक माहीत होता आणि तो माझ्या फायद्याचा होता, हेही खरं आहे.

फॉर्म पुण्याला रजिस्टर्ड पोस्टाने गेले आणि त्यानंतर दोन दिवसांनी हेडसर यादी घेऊन वर्गावर आले. आधी आले नाहीत. लोअरवाल्यांचा तास ड्रॉइंग हॉलमध्ये, पत्र्याखाली होणार होता. ते नावं वाचत गेले आणि मुलं दप्तरं उचलून बाहेर जात राहिली.

“गुंजाळ.”

सुमन उभी राहिली, पण दप्तर उचललं नाही. “सर, मला एकसष्ट मार्क आहेत.”

“आणि हजेरी? ऑक्टोबरात कुठं होतीस?”

“बाजरीची काढणी होती, सर.”

“मग बाजरीत पास झालीस. अभिनंदन.” वर्ग हसला. हेडसरांनी हसणं संपू दिलं. “मार्चला तू आपटलीस तर भिंतीवर तुझ्या बापाचं नाव लागत नाही. शाळेचं लागतं. चल.”

“चव्वेचाळीसवाले इथंच बसलेत, सर.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, वर्गाला सगळ्यांचे मार्क पाठ होते. हेडसर म्हणाले, “दुसऱ्याचं बघू नकोस. दप्तर उचल.” तिने उचललं. त्या तासाला बाकावर मी एकटी होते. भूमितीचं कुठलं प्रमेय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनची आई, गयाबाई, शाळेत आली. मी ऑफिसात हजेरीपट ठेवायला गेले होते आणि तिथेच राहिले. हेडसरांनी तिला बसा म्हटलं नाही. संमतिपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“ही सही कोणाची?”

“आमच्या मालकांची.”

“मग भांडण कशाचं?”

“सही केली तवा वर कायबी लिव्हलेलं नव्हतं, सायेब.”

“कोऱ्या कागदावर सही करायला मी सांगितलं होतं?”

“तुमच्याच हापिसानं सांगितलं. म्हनले, सुगीत परत यायचा तरास नको.” तिने कागद सुमनकडे सरकवला. “वाच गं, काय हाय.”

सुमनने वाचलं. विषय तिला आधीच माहीत होता, ती अक्षर बघत होती. चार वर्षं आम्ही एकमेकींच्या वह्या उतरवून घेत होतो. तिने कागद जागेवर ठेवला आणि आईला म्हणाली, “चल.” हेडसर मागून म्हणाले, “मुलीचं वय काय झालं? सायन्सचं काय घेऊन बसलात, स्थळं बघा.” गयाबाई दारात थांबली. “तुमी तुमच्या पोरी बघा, सायेब,” ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर हेडसरांनी दादांना बोलावून, पालकांना ऑफिसात थेट सोडायचं नाही अशी सूचना काढायला सांगितली. दादांनी ती काढली.

रविवारी सकाळी गयाबाई आमच्या घरी आली. आईने हुलग्याची शेंगोळी केली होती आणि लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. फॉर्म गेल्यानंतरचा तो पहिला पातळ स्वयंपाक. गयाबाई उंबऱ्याच्या आत बसली. सुमन बाहेर पायरीवर उभी राहिली आणि आत ये म्हटलं तरी आली नाही.

“चहा टाकते,” आई म्हणाली.

“च्या नको, वहिनी. भाऊसाहेबांशी काम हाय.” दादा बाहेर आले. “भाऊसाहेब, मी अडानी बाई. मला येवढंच सांगा. या गनितावर सायन्सचं दार बंद हाय, असं पोरगी म्हनती. व्हय का न्हाई?”

“होय.”

“तुमाला हे ठावं हुतं?”

“होतं.”

“आन तरीबी लिव्हलं.”

“मला चिठ्ठी येते. त्याप्रमाणे लिहावं लागतं.”

“तुमी कुठं लिव्हलं? हिनं लिव्हलं.” तिने माझ्याकडे हात केला. “अक्षर लई गोमटं हाय पोरीचं. आमच्या सुमीचं इतकं न्हाई.”

“तिला कशाला मधे घेता,” आई म्हणाली. “लहान आहे ती.”

“सुमीपरीस दोन म्हैन्यानं थोरली हाय, वहिनी.”

आई स्वयंपाकघरात गेली. दादा आतून बोर्डाच्या नियमांचं पुस्तक घेऊन आले. तपकिरी कव्हरचं, कडा झिजलेलं. “मी सल्ला देत नाही,” ते म्हणाले. “नियम आहेत ते वाचून दाखवतो.” त्यांनी तीन नियम वाचले. फॉर्म बोर्डाकडे गेल्यावर विषय बदलता येत नाही. एका विषयाच्या पेपरला गैरहजर राहिलेला उमेदवार त्या परीक्षेत अनुत्तीर्ण समजला जातो. अनुत्तीर्ण उमेदवाराला ऑक्टोबरच्या परीक्षेला नवा फॉर्म भरता येतो, त्यात विषयांची निवड नव्याने करता येते, आणि त्या निवडीवर पालकाची सही पुरते. तिसरा नियम त्यांनी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा सावकाश.

गयाबाई ऐकत होती. “म्हंजी पोरीनं आपल्या पायानं नापास व्हायचं?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग काय म्हनला?”

“नियम वाचला.”

“एक वरीस जाईल तिचं.”

दादांनी पुस्तक मिटलं. पायरीवरून सुमन म्हणाली, “आई, ऊन व्हतंय, चल.” शेंगोळी वाढून दिली ती गयाबाईने घेतली नाही. त्या गेल्यावर दादा आईला म्हणाले, “यातलं बाहेर काही बोलायचं नाही,” आणि जेवायला बसले.

दादांनी त्या दिवशी धाडस केलं, असं मी बरीच वर्षं मानत आले. पुढे पुण्याला वर्तमानपत्रात लागल्यावर, डेस्कवर शिक्षणाच्या बातम्या माझ्याकडे होत्या तेव्हा, त्याच पुस्तकाची ऑफिसातली प्रत मी पहिल्या पानापासून वाचली. संमतिपत्र विषय भरल्यानंतरच पालकाच्या सहीसाठी ठेवावं, कोऱ्या पत्रावर घेतलेली सही ग्राह्य नाही आणि अशा सहीवर गेलेला फॉर्म पालकाच्या तक्रारीवरून दुरुस्त करता येतो, असा नियम त्यात होता. दादांनी वाचलेल्या तीन नियमांच्या मागच्याच पानावर होता. ते पुस्तक दादांना तोंडपाठ होतं. हा चौथा नियम त्यांनी त्या रविवारी वाचला असता तर नुकसान सुमनचं झालं नसतं, हेडसरांचं आणि कदाचित दादांचं झालं असतं. मी त्यांना याबद्दल कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हा पुस्तक त्यांच्या ट्रंकेत होतं. आता माझ्याकडे आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी सुमन ड्रॉइंग हॉलमध्ये बसली. हजेरी पूर्ण. आमच्यात बोलणं जवळपास बंद होतं. एकदा पाण्याच्या टाकीशी मी म्हटलं, “सुमन, मी चिठ्ठीत होतं तेच लिहिलं.” ती ओंजळीने पाणी पीत होती. प्यायली, तोंड पुसलं. “मी विचारलं का तुला?” ती म्हणाली आणि वर्गाकडे गेली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

मार्चमध्ये परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा होती. गणिताच्या दिवशी हायरवाले वरच्या मजल्यावर होते आणि लोअरवाले खाली. अकराची घंटा झाली. घंटेनंतर अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला आत घेत असत. माझी जागा खिडकीशी होती आणि खिडकीतून फाटक दिसायचं. पेपर मिळाल्यावर दहाएक मिनिटांत हेडसर फाटकाशी आलेले दिसले. त्यांनी एकनाथ शिपायाला काही सांगितलं आणि तो सायकलवर टांग टाकून नदीकडे गेला. हेडसर घड्याळ हातात घेऊन उन्हात उभे राहिले. त्यांना तसं उभं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझा पहिला प्रश्न अर्धवट राहिला. साडेअकरा होऊन गेले. एकनाथ परत आला तेव्हा बारा वाजायला आले होते आणि तो एकटाच होता. काय झालं ते त्याने आमचा पेपर सुटेपर्यंत सगळ्या शाळेला सांगून टाकलं.

“घरीच हाय ती. अंगनात गवऱ्या थापती,” तो म्हणाला होता. “मी म्हनलं, चल, सायेब वाट बघत्यात, मागं कॅरिजवर बस. तर म्हनती, एकनाथमामा, त्यो पेपर माझा न्हाई.”

“आणि आई?” कोणीतरी विचारलं.

“आई बी तिथंच बसल्याली. तिनं मला पानी दिलं.”

निकाल तेव्हा वर्तमानपत्रात नंबरांनी छापून यायचा. जूनमध्ये आला. आमच्या शाळेच्या नंबरांच्या रांगेत एक आकडा गाळलेला होता. पेंटरला बोलावलं होतं, तो डबा आणि ब्रश घेऊन आला आणि काही न रंगवता परत गेला. त्या वर्षी भिंतीवर जुनंच साल राहिलं. मला हायर गणितात छत्तीस मार्क पडले, पास व्हायला पस्तीस लागत. मी आर्ट्सला गेले. हायरची जागा माझ्या कामाला आलीच नाही.

निकालानंतर हेडसरांनी दादांना केबिनमध्ये घेतलं. दार उघडं होतं. “तिला नियम कोणी सांगितला?” असं विचारल्यावर दादा म्हणाले, “नियम छापलेला आहे, सर.” दुसऱ्यांदा विचारल्यावर तेच म्हणाले. त्या नोव्हेंबरात बोर्डाचे फॉर्म दुसऱ्या कारकुनाच्या घरी गेले आणि आमच्या मधल्या खोलीत चादर अंथरली गेली नाही. आईने त्या आठवड्यात रोज आमटी केली. कोरी संमतिपत्रं जूनमध्ये घेण्याची पद्धत मात्र चालू राहिली. माझा धाकटा चुलतभाऊ अकरावीला गेला तेव्हाही काकांनी कोऱ्यावरच सही केली.

त्या उन्हाळ्यात गावाकडे शेतात कामं नव्हती. सुमन आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जात होती, हे मला एकनाथकडून कळलं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म तिने शाळेतूनच भरला. तो द्यायला हेडसरांनी तिला तीन खेपा घालायला लावल्या. तिसऱ्या खेपेला किसन गुंजाळ बरोबर आले. त्यांनी विषय आधी सुमनला लिहायला लावले, ते मोठ्याने वाचून घेतले आणि मग सही केली. हेडसर म्हणाले, “एवढा अविश्वास?” गुंजाळ म्हणाले, “व्हय, सायेब.” ऑक्टोबरला केंद्र नगरला होतं. डिसेंबरात निकाल छापून आला आणि त्यात तिचा नंबर होता. शाळा सोडल्याचा दाखला तिला पुढच्या मे महिन्यात मिळाला. त्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘बरी’ असं लिहिलेलं होतं. त्या वर्षी दाखला घेतलेल्या बाकी सगळ्यांच्या रकान्यात ‘चांगली’ होतं.

त्या जूनमध्ये, प्री-डिग्रीचं वर्ष संपवून, मी एफ. वाय. बी. ए.चा फॉर्म द्यायला कॉलेजात गेले तेव्हा प्री-डिग्री सायन्सची यादी नोटीस बोर्डावर लागलेली होती. मी ती वरून खालपर्यंत वाचली. यादीत मुली सहा होत्या. गुंजाळ सुमन किसन हे नाव तिसऱ्या ओळीत होतं.